पॉलिसीत आप्पा नव्हतेच

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. जत तालुक्यातून सांगलीत आल्यावर त्यांनी आधी बिगारी म्हणून घमेली उचलली. पुढे हातात थापी आली आणि वीसेक वर्षं गवंडीकामात गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला एका इमारतीला बाहेरून गिलावा चालू होता. परांचीची फळी सरकली आणि आप्पा तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले. दोन्ही टाचांची हाडं फुटली, कमरेचा एक मणका दबला. वय तेव्हा ४५.

ते पडले हे पुढे कोणीच नाकारलं नाही. ठेकेदाराने नाही, बिल्डरने नाही, विमा कंपनीनेही नाही. तीन वर्षं वाद चालला तो एकाच गोष्टीवर, की पडलेला माणूस त्या साइटवर कोण होता. तो वाद कसा उभा राहिला आणि कसा सुटला हे मी लिहिते आहे, कारण सांगलीत आज जेवढ्या इमारती वर चालल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हाच कागद, याच पद्धतीने भरलेला असणार अशी माझी खात्री आहे.

मिरजेच्या सिव्हिलमध्ये आप्पांना ठेकेदारानेच नेलं. पहिल्या दिवसांची औषधं, फोटो, सगळं त्याने भरलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो माणूस दुष्ट नव्हता. तोही एके काळी गवंडीच होता, आणि चौरस फुटाला परवडत नसलेल्या दरात काम घेऊन ते पुरं करण्याची त्याची धडपड मी जवळून पाहिली आहे. पण ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी "आता उंचीवरचं काम विसरा" असं सांगितलं, आणि त्यानंतर ठेकेदार स्वतः यायचा थांबला. त्याचा मुकादम आला. हातात स्टँप पेपर आणि पन्नास हजार रुपये. मजकूर टाइप केलेला: यापुढे माझी कसलीही मागणी राहिलेली नाही.

आईने पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "पोरीला दाखवल्याबिगर सही व्हायची न्हाई."

मी तेव्हा सांगलीतच एका कर सल्लागारांकडे कामाला होते. कायदा शिकलेली नाही, पण कागद वाचायची सवय होती. आमच्या सरांनी मला विजयनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. कामगार, स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने वकील मोफत मिळतो. आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी स्टँप पेपर वाचला आणि बाजूला ठेवला. अशी तडजोड भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, ते रक्कम तपासतात आणि अपुरी वाटली तर नोंदणी नाकारतात. घरात बसून घेतलेल्या सहीने मालक सुटत नाही.

मग त्यांनी जे समजावलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर आमचे पहिले दोन महिने निम्म्या भीतीने गेले असते. आमच्या प्रकरणाला लागू होता तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. कामावर असताना, कामामुळे माणूस जायबंदी झाला की भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मालकाने विमा काढला आहे की नाही, काढला असेल तर कसा काढला आहे, याने ही जबाबदारी कमी होत नाही. एक दिवसाच्या कामावर आलेला माणूसही यात येतो. 'नैमित्तिक' कामगारांना वगळणारे शब्द २००० साली कायद्यातून निघाले. आणि बिल्डरने आपल्या धंद्याचंच काम ठेकेदाराला दिलं असेल, तर कलम १२ प्रमाणे कामगार थेट बिल्डरकडेही मागू शकतो. बिल्डरने मग ते ठेकेदाराकडून वसूल करावं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणाऱ्या साध्या घरमालकाला हे कलम सहसा लागत नाही, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नसतो. तिथे सगळी मदार ठेकेदारावरच राहते.

नोटीस गेली. उत्तरं आली आणि दोघांनी हात वर केले. बिल्डर म्हणाला, काम ठेक्याने दिलं होतं, विमा काढायची अट ठेकेदारावर होती. ठेकेदाराच्या उत्तरात लिहिलं होतं की सदर इसम आमचा कामगार नसून स्वतंत्र लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याने गिलाव्याचं काम चौरस फुटावर उक्तं घेतलं होतं. सोबत व्हाउचर जोडलेली होती आणि त्यांवर आप्पांच्या सह्या. शनिवारी पगार घेताना ज्या कागदावर बोट ठेवतील तिथे सही करायची, अशीच सगळ्यांची पद्धत. वेगवेगळ्या महिन्यांची व्हाउचर एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत भरल्यासारखी दिसत होती.

आप्पा ते उत्तर ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. पायापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. "म्या कधी कुणाला ठेका मागितला? सकाळी आठला हजेरी, संध्याकाळी सहाला सुट्टी," एवढंच म्हणाले.

आमचा दावा कामगार न्यायालयात दाखल झाला. तिथले न्यायाधीशच या कायद्याखाली नुकसानभरपाई आयुक्त म्हणून बसतात. अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलेलं आहे, आणि तारखांमागून तारखा पडत असताना ते वाक्य मला नेहमी आठवायचं.

विमा कंपनीने आपलं म्हणणं दाखल केलं तेव्हा तिने ठेकेदाराच्या पॉलिसीची नक्कल जोडली. बांधकामवाले अजून तिला डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार नुकसानभरपाई) पॉलिसीच म्हणतात. मी ती पहिल्यांदा पाहिली न्यायालयाच्या व्हरांड्यात, उभ्या उभ्या. दुसऱ्या पानावर तक्ता होता. पहिल्या ओळीत ऑफिसचे दोन कर्मचारी. दुसऱ्या ओळीत 'अकुशल कामगार, तळमजल्यावर साहित्य चढ-उतार, संख्या ४, दरमहा वेतन ८,०००'. संपला तक्ता. गवंडी नाहीत, सेंट्रिंगवाले नाहीत, सळई बांधणारे नाहीत, परांची हा शब्दच नाही. खाली एक टीप होती की उपठेकेदाराचे कामगार या पॉलिसीत समाविष्ट नाहीत.

या विम्याचा हप्ता कसा ठरतो हे मला कामामुळे थोडं माहीत होतं. वर्षाची एकूण मजुरी धरायची आणि तिच्यावर हजारी दर लावायचा. कारकुनाचा दर वेगळा, बांधकामावरच्या माणसाचा वेगळा. जोखीम वाढेल तसा दर चढतो. म्हणजे हप्ता कमी करायचा तर माणसं कमी दाखवायची, मजुरी कमी दाखवायची आणि काम कमी धोक्याचं दाखवायचं. या पॉलिसीत तिन्ही केलं होतं. चार माणसं, आठ हजार, बारा महिने, म्हणजे वर्षाची साइटवरची मजुरी ३ लाख ८४ हजार. हप्ता करासकट अकरा हजारांच्या आसपास. त्या साइटवर रोज वीसएक माणसं असायची. माणशी १५ हजार धरले तरी मजुरी ३६ लाख होते. दर तोच ठेवला तरी हप्ता नऊ पटींहून जास्त, म्हणजे लाखाच्या घरात गेला असता. कित्येक कोटींच्या इमारतीत एवढे पैसे वाचवायला वीस माणसांना कागदावरून पुसून टाकलं होतं.

मी इथे विमा कंपनीलाही सोडत नाही. अशा पॉलिसीत मजुरीची नोंदवही ठेवायची आणि वर्षाअखेरीस खरी मजुरी कळवायची अट असते. त्यावरून हप्ता कमी-जास्त होतो. ठेकेदाराची ही पॉलिसी दर वर्षी याच चार माणसांवर नूतनीकरण होत आली होती. चार हमालांनी मजल्यावर मजले कसे चढवले, हा प्रश्न हप्ता घेताना कोणाला पडला नाही. एजंटालाही नाही. आप्पा पडल्यावर मात्र लगेच लेखी म्हणणं आलं: जखमी इसम विमा उतरवलेल्या वर्गात मोडत नाही.

आता दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. आप्पा कामगार होते, आणि गवंडी म्हणून त्यांची मजुरी इतकी होती.

पहिल्या गोष्टीला माझ्या ऑफिसचं ज्ञान कामाला आलं. ठेकेदाराची भागीदारी फर्म होती. आप्पा खरोखर उपठेकेदार असते आणि त्यांना वर्षाला लाखाच्या वर रक्कम दिली गेली असती, तर आयकराच्या कलम १९४सी प्रमाणे फर्मने १ टक्का कर कापून भरायला हवा होता, आणि तो आप्पांच्या पॅनवर २६एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसायला हवा होता. मी २६एएस काढलं. कोरं होतं. वकीलबाईंनी मग फर्मच्या हिशेबवह्या हजर करायचा अर्ज दिला. खूप टाळाटाळ झाली, पण नफातोटा पत्रक आलं. त्यात मजुरीचा खर्च अनेक लाखांत दाखवलेला, आयकरासाठी पुरेपूर. उपठेकेदारांना दिलेली रक्कम या मथळ्याखाली शून्य. आयकर खात्याला दाखवलेले कामगार आणि विमा कंपनीला दाखवलेले कामगार एकाच वर्षाचे, एकाच साइटचे, आणि त्यांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता.

पण सगळ्यात जड कागद आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदणीकृत कामगारांच्या खात्यात २ हजार रुपये टाकले होते. आप्पांची नोंदणी नसल्याने ते मिळाले नाहीत. म्हणून आईने मागे लागून नंतर त्यांची नोंदणी करवून घेतली. त्यासाठी गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो याच ठेकेदाराने दिला होता, फर्मच्या शिक्क्यासह: 'सदर कामगार आमच्याकडे गवंडी म्हणून काम करीत आहे.' मंडळाच्या दाखल्याने ठेकेदाराला एक पैसाही द्यावा लागत नव्हता, म्हणून तिथे खरं लिहिलं गेलं. वकीलबाईंनी तो दाखला हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "ताई, याची मूळ प्रत जपा, झेरॉक्स मला द्या."

मजुरीसाठी मुकादमाची हजेरीवही मागितली, ती 'पुरात गेली' असं उत्तर आलं. जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत खूप काही गेलं हे खरं आहे, पण सप्टेंबरची हजेरी जुलैच्या पाण्यात कशी जाईल? सुदैवाने लॉकडाउननंतर पगार बऱ्याच आठवड्यांना मोबाइलवरून यायला लागला होता. बँकेचं स्टेटमेंट काढलं. शनिवारच्या शनिवार, हजेरीप्रमाणे, ७५० रुपयांच्या पटीत रक्कम. चौरस फुटावर काम घेणाऱ्याला आठवड्याच्या दिवसांप्रमाणे पैसे कोण देतं?

आप्पांची उलटतपासणी झाली तो दिवस मला पाठ आहे. ते कुबड्या टेकून उभे राहिले, न्यायाधीशांनी बसायला सांगितलं तरी आधी नमस्कार केला. समोरच्या वकिलांनी विचारलं, थापी, ओळंबा, रंधा ही हत्यारं तुमची स्वतःची होती ना? म्हणजे तुम्ही स्वतंत्र धंदा करत होता ना?

आप्पा म्हणाले, "साहेब, गवंड्याची थापी सोताचीच असती. हाताला बसलेली लागती. शिमिट कुणाचं, वाळू कुणाची, परांची कुणी बांधली, ते इचारा की."

पुढचा प्रश्न बेल्टचा आला. सुरक्षा पट्टा का लावला नव्हता? "साइटवर पट्टा असंल तर लावीन," एवढंच उत्तर. पट्टे दिल्याची पावती ठेकेदाराला दाखवता आली नाही. काम कुठून सुरू करायचं, किती जाडीचा थर द्यायचा, कोण सांगायचं, यालाही त्यांनी सरळ उत्तर दिलं की इंजिनियर सांगायचा आणि मुकादम उभा राहायचा.

डॉक्टरांच्या साक्षीला सर्वांत जास्त तारखा गेल्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं होतं. मंडळाच्या अपंगत्वाच्या अर्थसाहाय्याला ते पुरेसं नव्हतं, तिथे ७५ टक्के लागतात. पण या कायद्यात शरीराची टक्केवारी आणि कमाई गमावल्याची टक्केवारी वेगळी मोजतात, आणि ते समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या जुन्या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं धरलं गेलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, हेही त्याच निकालाने पक्कं केलं. आमच्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की हा माणूस उकिडवा बसू शकत नाही, शिडी चढू शकत नाही, घमेलं उचलू शकत नाही. गवंडी म्हणून कमाई ७० टक्के गेली.

इथे पॉलिसीतला 'अकुशल' शब्द पुन्हा आडवा आला. ठेकेदाराच्या वकिलांचं म्हणणं होतं की साहित्य चढ-उतार करणारा माणूस वॉचमनचं काम करू शकतो, आणि वेतन ८ हजारच धरावं. हिशेब असा असतो: मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, आणि त्यातून जितकी कमाई गेली तितके टक्के. वेतन कितीही असलं तरी ३ जानेवारी २०२० पासून त्या कायद्यात हिशेबाला १५ हजारांपर्यंतच धरत होते. ४५ वयाला गुणांक १६९.४४. आठ हजारांनी ७० टक्क्यांची रक्कम ५ लाख ६९ हजार येते. पंधरा हजारांनी १० लाख ६७ हजार ४७२. पॉलिसीच्या एका रकान्यात चुकीचा आकडा लिहिला की माणसाच्या पायांची किंमत निम्मी होते, ते मी तेव्हा कॅल्क्युलेटरवर पाहिलं.

निकाल २०२४ मध्ये लागला. ९० दिवसांचा दाखला, बँकेचं स्टेटमेंट आणि कोरं २६एएस, या तिन्हींचा त्यात उल्लेख आहे. आप्पा कामगार होते, गवंडी होते, वेतन १५ हजार धरावं. ठेकेदार आणि बिल्डर दोघांनी मिळून १० लाख ६७ हजार ४७२ रुपये द्यावेत, त्यावर १२ टक्के व्याज. औषधोपचाराची ज्यांची बिलं आम्ही जपली होती तो खर्च वेगळा, आणि विलंबाबद्दलचा दंड ठेकेदारावर. विमा कंपनी सुटली, कारण पॉलिसीत तो वर्गच नव्हता. म्हणजे ज्याने हप्ता वाचवला त्याच्यामागे आता विमाच उभा नव्हता. ठेकेदाराने एक डंपर विकायला काढला असं ऐकलं. त्याचा मला आनंद झाला नाही. खरी माणसं खऱ्या कामावर लिहिली असती तर हीच रक्कम विमा कंपनीने दिली असती, आणि बहुधा खूप आधी.

बिल्डर अपिलात गेला. अपील करायचं तर मालकाला निकालाची रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते, म्हणून पैसे जमा झाले, आणि त्यातला काही भाग आम्हाला काढायची परवानगी मिळाली. त्यातून आधी हातउसने फेडले. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. आमचं अपील आता तिथे आहे, त्यामुळे आप्पांना मुंबईचा प्रवास पडणार नाही. दरम्यान नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. आमचं प्रकरण आधीच्या कायद्याखालचं आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.

माझा मामेभाऊ सेंट्रिंगचं काम करतो. नवी साइट धरताना त्याने ठेकेदाराकडे पॉलिसीची झेरॉक्स मागितली. ठेकेदार आधी चिडला, आठवड्याने दिली. ती आम्ही घरी बसून वाचली. 'आरसीसी व सेंट्रिंग, उंचीवरील काम' अशी ओळ आहे, वेतन १५ हजार आहे, संख्या ८ लिहिली आहे. साइटवर सेंट्रिंगवाले अकरा आहेत. उरलेल्या तिघांची भर घालून पॉलिसीला जोडपत्र घ्या, असं त्याने ठेकेदाराला सांगितलं आहे, आणि ते येईपर्यंत अकरा जणांचा साइटवरचा तारखेसह फोटो दर शनिवारी काढून ठेवतो आहे.